गिअरवर बांधलेला रुमाल

मास्तर, तुमच्या गाडीच्या गिअरचा जुना नॉब मी हॅकसॉ ब्लेडने कापून काढला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक होती. त्यावरून मला बोललातही. पण त्यानंतरची एक गोष्ट तुम्हाला कधीच कळली नाही. ती कळू नये अशी व्यवस्था मीच केली. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि आता ऐकून रागवायलाही तुम्ही नाही. म्हणून लिहिते आहे. भित्री माणसं अशाच वेळी बोलतात.

पेणमध्ये तेव्हा बायकांना गाडी शिकवणारे तुम्ही एकटे. मिठाच्या ट्रकवर वीस वर्षं काढून तुम्ही ती छोटी पांढरी गाडी घेतलीत, शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवून घेतलात आणि दारावर लाल अक्षरात 'शिकाऊ' लिहून घेतलंत. मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे दागिने रंगवायची. सीझन संपला की हात रिकामे, म्हणून शिकायला आले. कुणा नवऱ्याला बायको परक्या पुरुषाशेजारी बसलेली चालेना, तेव्हा तुम्ही मलाच शेजारी बसवायला लागलात. "तू डावीकडं बस गो, ब्रेकवर पाय ठेव. मी मागं बसतो," असं म्हणून तुम्ही मला अर्धी मास्तरीण केलंत. घरी आईला सांगताना माझी मान काय ताठ झाली होती! ब्रश धुणाऱ्या बाईला कुणीतरी गाडीतली सीट दिली होती.

त्या गाडीच्या नॉबवर काहीच नव्हतं. कुठला गिअर कुठे पडतो त्याचं पांढरं चित्र असतं ना, ते हातांनी घासून कधीच गेलेलं. तुम्हाला ते बरंच वाटायचं. कुणी बाई मान खाली घालून दांड्याकडे बघायला लागली की तुमचा आवाज चढायचा. "तिथं काय बघतेस? रस्ता हितं हाय. गेर हाताला कळला पायजे, डोळ्याला नाय." तो नॉब एकदा कुणाच्या तरी हातात निघून आला होता, तेव्हा तुम्ही चिकट गोंद भरून तो कायमचा बसवलात. पुढे त्याला चीर पडली. चिरेची कड तळहाताला लागायची. एका बाईच्या हातातून रक्त आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघू कधीतरी." तुमचं कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे मला माहीत होतं.

गणपती होऊन आठवडा झालेला. तुम्ही तीन दिवस लेकीकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावात गेला होतात. मी ठरवलं, मास्तर यायच्या आत नवा नॉब बसवायचा. गुरुदक्षिणा म्हणा, नाहीतर मोठेपणाची हौस म्हणा. स्पेअर पार्टच्या दुकानात एक काळाभोर, चकचकीत मिळाला, वर पांढरं कोरीव चित्र. "कुठल्याही गाडीला बसतो," दुकानदार म्हणाला, आणि बसलाही, आटे अगदी जुळले. पण आधी जुना निघेल तर ना! फडकं गुंडाळून पिळला तर अख्खा दांडा फिरायला लागला. उकळत्या पाण्याचं फडकं धरलं, बुडाशी रॉकेल सोडलं, पान्याने दांडा धरून दुसऱ्या पान्याने जोर काढला. हाताची सालं निघाली, मेला हलेना. शेवटी ब्लेडने उभी खाच पाडली, तीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ठोकला, तेव्हा तो दोन फाका होऊन पडला. आटे तारेच्या ब्रशने घासले. नवा नॉब फिरवत नेला तर शेवटी चित्र आडवं यायचं. मला ते सरळ हवं होतं. मूर्तीचा मुकुट तिरका दिसला तरी मला झोप लागत नसे. म्हणून मीही तुमच्यासारखाच आत गोंद भरला आणि चित्र सरळ आलं तिथे धरून बसले.

तुम्ही आलात, दार उघडलंत, सवयीने नॉबवर हात ठेवलात आणि काढून घेतलात. मग खिशातून चष्मा काढून वाकून वाचलंत.

"ही कुनाची गाडी गो?"

मी हसले. मला वाटलं, कौतुक.

"आपला रिवर्स खाली, उजव्या अंगाला. ह्याच्यात वर, डाव्या कोपऱ्यात लिवलाय. तिथं आपला पयला पडतो."

"चित्र कोण बघतंय मास्तर? बघू नका म्हणून तुम्हीच तर ओरडता."

"शिकलेला बघत नाय. नवा घाबरला की पयलं तिथंच बघतो." तुम्ही पिळून बघितलात, पण माझ्या गोंदाने घट्ट धरलं होतं. "तुज्याकडं रंग हाय ना? चित्रावर काळा फास उद्या."

मी बरं म्हटलं. तुम्ही खिशातला निळ्या चौकड्यांचा रुमाल काढून नॉबवर घातलात आणि खाली दोन गाठी मारल्यात. जाता जाता म्हणालात, "हातात चांगला भरतो मात्र." तेवढंच. पण माझं डोकं त्या रुमालातच अडकलं. तीन दिवसांची माझी मेहनत, आणि वर चिंधी! घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून काळा रंग आणलाच नाही. विसरले नव्हते. कोरीव पांढरं चित्र, त्यावर आपल्याच हाताने काळं फासायचं, हे जिवावर आलं.

त्या सकाळी अंगणवाडीच्या बाई आल्या. त्यांचा दुसराच आठवडा. पुढे जाणं जमत होतं, रिव्हर्स त्या दिवशी पहिल्यांदा. गाडी तुमच्या अंगणात, नाक दगडी कुंपणाच्या गडग्याकडे करून उभी होती. बाई रस्त्याकडे पाठ करून पदर खोचत होत्या, आणि मी आतून गाडी पुसत होते. तो रुमाल दुखऱ्या बोटाला बांधलेल्या पट्टीसारखा दिसत होता. बाई विचारतील, हे काय हो? मग मी काय सांगू?

तुम्ही गाडीच्या आणि गडग्याच्या मधे जाऊन उभे राहिलात, चाक कसं वळतं ते बघायला. नेहमी तिथेच उभे राहायचात. गाडी मागे जायची, म्हणजे पुढचा माणूस सुरक्षित. मी डावीकडे बसले होते, पाय ब्रेकवर, मान वळवून मागचा रस्ता बघत. तुम्हीच शिकवलं होतं, रिव्हर्सला मास्तराने मागे बघायचं. बाईंनी काय केलं ते मी बघितलं नाही. इंजिनचा आवाज चढला, गाडीने उडी मारली आणि ती पुढे मारली. मी ब्रेक दाबला तेव्हा नाक गडग्याला लागलेलं होतं. तुम्ही बॉनेटवर ओणवे पडला होतात आणि काचेतून आमच्याकडे बघत होतात. ओरडलाही नाहीत हो. बाई तेवढ्या एकसारखं म्हणत होत्या, "मी बघून टाकला, मी बघूनच टाकला."

पाय मांडीपासून काढावा लागला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तुम्ही खाटेवरून सांगितलंत, "त्या बाईची चूक नाय. रुमाल सुटला. मी नीट बांधला नाय." लिहून घेणाऱ्याला रुमालाचं काही कळलं नाही, त्याने तुमचा निष्काळजीपणा लिहिला. क्लास बंद झाला, गाडी विकली गेली. पण पेणमधल्या माणसांनी दोष दिला तो बाईंनाच. बाईमाणूस गाडी शिकायला निघाली, दुसरं काय होणार, असं चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत सगळे म्हणत होते. अंगणवाडीच्या बाई एकदा मला एसटी स्टँडवर भेटल्या. वाळून गेल्या होत्या. म्हणाल्या, "मी मास्तरांचा पाय घेतला हो." मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नशीब असतं एकेकाचं." नशीब! माझी जीभ झडली कशी नाही? पुढे त्या बदली मागून गेल्या. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, असं ऐकलं.

तुम्हाला भेटायला मी फक्त एकदाच आले. पेणहून रोह्याची रेल्वे पकडली. ती निडी स्टेशनात बराच वेळ थांबली, तेव्हा उतरून परत फिरावं असं मनात आलं होतं. रोह्याला उतरून चालत पूल ओलांडला. लेकीच्या पडवीत तुम्ही खाटेवर बसला होतात आणि कुबडीच्या मुठीवर तुमचा डावा हात होता. बोलता बोलता तो हात हलत होता, वर, खाली, मधे, वर. गिअर टाकत होतात. लेक म्हणाली, दिवसभर असंच चालतं त्यांचं. ती चहा करायला आत गेली तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात,

"एक इचारू गो? रुमाल सुटला कसा? दोन गाठी मारल्या हुत्या मी."

"घामाने सैल झाला असेल, मास्तर."

"व्हय. घाम." तुम्ही बराच वेळ मान हलवत राहिलात. "तिसरी मारायला पायजे हुती. माजंच चुकलं."

मी चहा प्यायले, बिस्किटही खाल्लं. त्यानंतरच्या पावसाळ्यात, तुम्ही गेल्याचा लेकीचा निरोप आमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर आला. मी गेले नाही, कारखान्यात घाई आहे म्हणाले.

आता मी स्वतः बायकांना गाडी शिकवते. तुमचीच वाक्यं बोलते. गाडी आली की सगळ्यात आधी नॉबवरच्या चित्राला काळी पट्टी मारते, मुली हसतात. त्या बाईंचा पत्ता मी दोनदा मिळवला आणि दोनदा फाडला. आता तिसऱ्यांदा मिळवायचं म्हणते आहे. हे पत्र खरं तर त्यांनाच जायला हवं, आणि तेच जमत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुमच्या नावाचं पत्र टाकायला आता पेटी नाही, हे माझ्या सोयीचंच आहे.

रुमाल सुटला नव्हता, मास्तर. त्या सकाळी गाडी पुसताना दोन्ही गाठी मी नखाने सोडवल्या. घडी करून तो पर्समध्ये टाकला. अष्टमीत, लेकीच्या पडवीत तुम्ही विचारलंत तेव्हा ती पर्स माझ्या मांडीवर होती आणि रुमाल तिच्यात होता.