तुम्ही न आलेला कार्यक्रम

अहो,

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं तुम्हीच हौसेने काढलीत आणि ऐनवेळी म्हणालात, "तू एकटीच जा." घरी कोण येणार असेल, हा किडा डोक्यात वळवळत राहिला. स्टेजवरच्या यंत्रांनी खुर्ची हादरत होती, आणि मी तुम्हाला फोन लावत होते. तुम्ही उचलला नाहीत.

मध्यंतरात तुमचा साउंडवाला मित्र भेटला. "वहिनी, त्याच्या कानांचं डॉक्टर काय म्हणाले?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बरं आहे," मी म्हणाले.

घरी आले. तीनदा बेल वाजवून शेवटी किल्लीने दार उघडलं. तुम्ही एकटेच बसला होतात. "कसा झाला?" विचारलंत, आणि माझ्या ओठांकडे बघत राहिलात.

हे पत्र देणार नाही. तुम्हीच सांगा.

तुमचीच,
उगाच संशय घेतलेली