दुसऱ्या कडव्याची काच

५ मार्च
नातीच्या प्रयोगशाळेत आजपासून पुन्हा भट्टीवर. निवृत्त माणसाला कोण विचारतं? पण तिथला काचवाला नोकरी सोडून गेला आणि हिचा प्रबंध अडला. फॉस्फेटची काच. त्यात थोडं व्हॅनेडियम घातलं की रंग चढतो आणि काचेतून वीजही वाहू लागते. किती घातलं तर किती, हे तिला मोजायचंय. "आबा, तुम्ही फक्त वितळवा आणि ओता." फक्त म्हणे!

६ मार्च
जुनी खोड. काच वितळवायची मूस तापली की मी घड्याळ बघत नाही. शाळेतली नदीची लांबलचक कविता घोळवून म्हणतो. शेवटची ओळ संपली की काच साच्यात. सगळी नोकरी याच तालावर निभावली. छडी दाखवून पाठ करून घेणाऱ्या गुरुजींना काय ठाऊक, हा नदीऐवजी काच वाहवणार!

१४ मार्च
मिश्रण तेच, काच वेगळी. एक पिवळसर, एक हिरवट — आणि हिरवट काचेतून वीज जास्त. नातीचे मार्गदर्शक साहेब तिला म्हणाले, "आकडे जुळत नसतील तर सगळं टाकून द्या." पोर रडकुंडीला आली. मी वर शहाणपण शिकवलं, "वजन करताना लक्ष कुठे असतं तुझं?"

१६ मार्च
आज ती माझ्या पाठीशी उभी राहिली. ओतून झाल्यावर हळूच म्हणाली, "आबा, दुसरं कडवं चार वेळा झालं."

मला तर एकदाच म्हटल्यासारखं वाटत होतं.

म्हणजे मी नदीत गिरक्या घेत बसतो, काच आगीत जास्त वेळ राहते, व्हॅनेडियमचं रूप पालटतं, रंग हिरवट होतो. वजनं चोख होती. मिश्रणात न धरलेली भेसळ एकच — मी.

१७ मार्च
नातीची माफी मागितली. "अहो, तुमच्यामुळे प्रबंधात एक प्रकरण वाढलं," म्हणाली. साहेबांना हिरवट काच भलतीच आवडलीय. आता घड्याळ लावायचं ठरलं. तरी उद्यासाठी फर्मान आहे, "आबा, दुसरं कडवं चार वेळा हं. मी वेळ मोजते." विसराळूपणाला जन्मात पहिल्यांदा मागणी आली. झोपताना मिशीला पीळ दिला.

१८ मार्च
दुसरं कडवं एकदाही आठवलं नाही. घड्याळ चालू होतं, तरी ऐकून पाठ झालेलं ते कडवं माझ्याऐवजी नातीनेच म्हटलं — चारही वेळा.