पहाऱ्यावर बसवलेले देव

प्रिय ताई,

वैशाखातल्या एका सकाळी मी बादली, मग आणि काथ्याची घासणी घेऊन मैदानावर गेलो आणि खेळाच्या पाटीचा तुझा चौथा दगड धुतला. त्यावर कुणीतरी गुटख्याची पिचकारी मारली होती. टोपलीकडे जाणारी कोरीव रेघ, मोहाच्या झाडाशी तिचं वळण, शेवटचा ठिपका, सगळं लाल-तपकिरी झालं होतं. अक्षरांच्या खाचांत सुपारीचा चुरा बसला होता. तो मी नखाने काढला. घरी येऊन तीनदा साबण लावला, तरी पूजेला बसल्यावर फुलाला हात लावावासा वाटेना.

त्यानंतर मी जे केलं, ते तू नको म्हणाली होतीस. निस्तरायला मला एक पावसाळा आणि निम्मा हिवाळा लागला. परवा निस्तरलं. तोवर तुझ्या फोटोकडे पाहायचंही मी टाळत होतो. आज लिहायला बसलो आहे.

चेरीतालच्या माझ्या दुकानात तू पहिल्यांदा ती प्लास्टिकची तबकडी घेऊन आलीस, ते आठवतं? मी एका फाटकाला वेल्डिंग करत होतो.

"गजू, मले नऊ टोपल्या पाहिजे. लोखंडी. वरून साखळ्या लोंबल्या पाहिजे."

"कोंबड्या ठेवायच्या का?"

"पोरी ठेवायच्या आहेत. मैदानावर. साऱ्या घरात बसून राहिल्या."

मग तू बाकावर बसून खेळ समजावलास. ठरलेल्या जागेवर उभं राहून तबकडी फेकायची. जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. जितक्या कमी फेकींत ती टोपलीच्या साखळ्यांत अडकेल तितकं चांगलं. पहिल्या फेकीच्या जागेला टी म्हणायचं आणि खेळाला डिस्क गोल्फ. मी म्हणालो, हा खेळ आपल्या पाटणच्या शाळेत शिकवला असता तर मी पास झालो असतो. तू म्हणालीस, "तू त्यातही उभा राहून पाहत राहिला असता." बरोबर ओळखलं होतंस मला.

अधारतालच्या पलीकडची ती पडीक जमीन तू तुझ्या शाळेच्या संस्थेच्या मागे लागून मिळवलीस. काळे खडक, पळस, मोहाची चार झाडं. टोपल्या उभ्या राहिल्या, पण प्रत्येक टीवर पाटी हवी होती. कितवी टोपली, किती मीटर, किती फेकींत व्हावी, वाट कुठे वळते. त्या पाट्यांनी आपल्याला किती छळलं! फ्लेक्स लावला तर एका उन्हाळ्यात पांढरा पडला, उरलेला बकऱ्यांनी ओढून फाडला. प्लायवर रंगवलं तर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटले. मी पत्रे कापून ऑइलपेंटने लिहिले, ते चोरीला गेले. पाचव्या टीची पाटी तर मला भंगारवाल्याच्या काट्यावर दिसली.

शेवटची अक्कल तुझीच. आमच्याकडे नवा ओटा बसत होता. कारागिराने सिंकसाठी ग्रॅनाइटमध्ये चौकोन कापला आणि तो तुकडा दाराबाहेर टाकला. तू तो पायाने उलटा करून पाहिलास.

"याचं काय करतात?"

"काही नाही. फेकतात."

"मग आपण पाट्या काहून शोधून राहिलो?"

दुसऱ्या दिवसापासून आपण फरशीवाल्यांच्या दुकानांमागे ढिगाऱ्यात हिंडलो. काळा, तांबूस, करडा, ठिपक्यांचा, जो मिळेल तो. लोक ज्याला टाकाऊ म्हणतात त्याचे नऊ तुकडे जमले. मूर्तीवाल्याकडून अक्षरं कोरून घेतली, खाचांत मी पांढरा रंग भरला. रंग गेला तरी बोटाने वाचता येईल इतकी खोल खाच. विटांचा बुटका, तिरपा कट्टा, त्यात दगड पक्का, आणि त्याला लागून उभं राहून फेकायला टीचा वीतभर उंच चौथरा. मी म्हणालो, जरा उंच बांधू. तू म्हणालीस, "सहावीतली पोरगी वाचते ते. तू नाही."

माघात नववा दगड बसला आणि फाल्गुनात तू गेलीस. तुझ्या पाट्यांवर एक पावसाळासुद्धा तू पाहिला नाहीस. याचा मला राग आहे, ताई. तुझ्यावर आहे की कुणावर, ते अजून कळलेलं नाही.

वैशाखात पिचकाऱ्या सुरू झाल्या. मैदानाच्या दाराशी बब्बूची चहाची टपरी आहे, तिथेच गुटख्याच्या पुड्याही मिळतात. पुडी तोंडात टाकून लोक आत फिरायला येत आणि तिरपा, गुळगुळीत दगड दिसला की त्यांना काय व्हायचं कोण जाणे. जमीन एवढी मोठी आहे. झुडपं आहेत, खड्डे आहेत. पण नेम दगडावरच. सातव्या दगडाच्या कट्ट्यावर तर माणसं उभी राहून लघवी करत. मी एकाला हटकलं. तो म्हणाला, "पत्थर ही तो है, भैया." त्या वासाने मला दिवसभर जेवण गेलं नाही. माणसाला आपल्या तोंडातली घाण कुणीतरी वाचायच्या अक्षरांवर टाकावीशी का वाटते? मी देवासमोर बसून हा प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही, म्हणून मी देवालाच कामाला लावलं.

तुला तो कचेरीचा जिना आठवत असेल. जमिनीच्या परवानगीसाठी आपण गेलो होतो. प्रत्येक कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या, कुणी थुंकू नये म्हणून. मी म्हणालो, युक्ती चांगली आहे. तू वर चढता चढता थांबलीस.

"देवाले चौकीदार करून ठेवलं, गजू. हे चांगलं?"

"काम तर होते ना."

"होते. काहून नाही होणार? पण तो बिचारा दिवसरात्र लोकांच्या तोंडाकडे पाहून राहिला, आता थुंकतो का मग थुंकतो. तू असं कधी करू नको."

मी हो म्हणालो होतो.

आणि ज्येष्ठात मी टाइल्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वर न पाहता विचारलं, "जीने वाली दूँ या बाउंड्री वाली?" म्हणजे थुंकण्यासाठी की दुसऱ्या गोष्टीसाठी. देव तेच, फक्त बाउंड्रीची टाइल जाड. ताई, तिथूनच मी परत फिरायला हवं होतं. मी रोज पहाटे ज्यांच्यासमोर डोळे मिटतो, त्यांची अशी वाटणी मी ऐकून घेतली. मी म्हणालो, "बाउंड्री वाली." नऊ घेतल्या. प्रत्येक कट्ट्याच्या पुढच्या बाजूला, दगडाच्या खाली, सिमेंटने बसवल्या. पहिल्यावर गणपती, दुसऱ्यावर शंकर, चौथ्यावर देवी.

आठवड्यात पिचकाऱ्या बंद झाल्या. मी फुशारून गेलो. बघ, मनात तुला म्हणालो, काम झालं.

मग एक दिवस त्याच लघवीवाल्या माणसाला मी पाहिलं. गाल फुगलेला. तो चौथ्या टीपाशी आला, दोन पावलं बाजूला होऊन पळसाच्या बुंध्यावर थुंकला, ओठ मनगटाला पुसले आणि त्याच हाताने देवीला नमस्कार केला. मला शिसारी आली. त्याची आली, पण जास्त माझी आली. त्याला मी स्वच्छता शिकवली नव्हती. फक्त नेम बदलायला शिकवलं होतं.

पावसाळ्यात फुलं आली, उदबत्त्या आल्या. कुंकू ओघळून अक्षरांच्या खाचांत बसलं आणि चौथ्याचा आकडा पुन्हा लाल झाला. आता तो घासायची मला चोरी. बब्बूने मोहाच्या फांदीला घंटा टांगली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुली टीवर उभ्या राहतात तेव्हा त्यांचे बूट देवीच्या अगदी जवळ येतात. कट्टा बुटका ना. बूट काढा, म्हणाले. मुली त्या खडकाळ जमिनीवर अनवाणी फेकू लागल्या. मी उभा राहून बघत होतो.

दिवाळीनंतर नेहा दुकानात आली. तुझ्या हाताखाली शिकलेली नेहा आता स्वतः खेळाची टीचर झाली आहे आणि दर रविवारी मुलींना घेऊन जाते. ती उभ्यानेच बोलली.

"मामा, त्या बब्बूने आज सगळ्या पोरींसमोर मले विचारलं, दीदी, आज सब ठीक है ना? नहीं तो ऊपर मत चढ़ना."

मला कळलं, तरी मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे तेच, मामा. बारा वर्षांच्या पोरी होत्या माझ्यासोबत. एक तर रडायलाच लागली."

"मग तू काय केलं?"

"मैं उतर गई. काय करणार? टाइल तुम्हीच लावल्या ना. मले वाटलं, तुम्हालाही तसंच वाटत असेल."

ती गेल्यावर मी वेल्डिंगचा चष्मा लावून बसलो. समोर काही काम नव्हतं.

तुला आठवतं का, पाटणजवळच्या आपल्या घरी तू त्या चार दिवसांत ओसरीच्या टोकाला बसायचीस? आई माझ्या हातात ताट द्यायची. मी सहा-सात वर्षांचा होतो. ताट लांबून जमिनीवर ठेवायचो आणि पायाने तुझ्याकडे सरकवायचो, शिवाशिव नको म्हणून. पायाने, ताई. तू एकदा म्हणालीस, "हाताने ठेव ना रे." मी म्हणालो, "देव पाहून राहिला." तू ताट ओढून घेतलंस आणि जेवलीस. मोठेपणी तू मुलींना पळायला शिकवलंस, उड्या मारायला शिकवलंस, आणि शेवटी त्यांच्यासाठी नऊ टोपल्या मागायला माझ्याकडेच आलीस. त्या ताटाबद्दल एकदा तरी मला सुनवायला हवं होतंस. का नाही सुनवलंस?

एवढं कळूनही मी लगेच उठलो नाही. पुढच्या रविवारी मुली निम्म्या आल्या, त्यापुढच्या रविवारी त्याहून कमी. मुलींच्या आया म्हणाल्या, देवस्थानाजवळ नको. संस्थेचा निरोप आला की तिथे देऊळच होत असेल तर खेळ दुसरीकडे न्या. दुसरीकडे कुठे नेणार? दोनदा मी छन्नी-हातोडी घेऊन गेलो आणि दोनदा देवीला हात जोडून परत आलो. पाप लागेल, ही भीती होती. नीट तपासून पाहिल्यावर कळलं की भीती देवाची नव्हती, बब्बूच्या टपरीवर बसणाऱ्या माणसांची होती. तिला मी भक्ती म्हणत होतो. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

परवा रविवार होता. स्नान केलं, पूजा केली आणि धुतलेलं धोतर पिशवीत घेऊन दिवसाउजेडी सगळ्यांसमोर गेलो. पहिल्या टाइलभोवती ग्राइंडर फिरवला, पातळ छन्नी घातली, निघाली. धोतरात गुंडाळली. दुसरी, तिसरी. चौथीपाशी बब्बू आला. मागे पाच-सहा जण.

"गजानन भैया, ये क्या कर रहे हो? पाप लगेगा."

"लगाने का पाप मेरा था, बब्बू. निकालने का भी मेरे ही खाते में डाल दो."

"पूछ तो लेते किसी से."

"लगाते टाइम किससे पूछा था?"

कुणीतरी मागून म्हणालं, "फिर सब थूकेंगे."

"तू थूकेगा?" मी विचारलं.

त्याचा गाल फुगलेला होता, बोलता येत नव्हतं. दोघेतिघे हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यानेच मी वाचलो.

चौथी टाइल मात्र तडकली. देवीच्या खांद्यापासून खालपर्यंत. बब्बू म्हणाला, "देख लिया?" मी दोन्ही तुकडे उचलले, कपाळाला लावले आणि म्हणालो, "आई, तुला इथे मी आणलं. माफ कर." मग पाचवीकडे गेलो. मागून कुणी आलं नाही. घंटा बब्बूने स्वतःच उतरवली, तोंड वाकडं करून.

टाइल्स नर्मदेत सोडायला मन झालं नाही. आधी कट्ट्यावरची घाण अडवायला वापरायचं आणि मग नदीची घाण वाढवायला, हे कसलं विसर्जन? देवघराच्या मागच्या भिंतीत नऊही बसवल्या. चौथी पांढऱ्या सिमेंटने जोडली, सांधा दिसतो. दिसू दे.

आज सकाळी मैदानावर गेलो तर सातव्या दगडावर पिचकारी होती. ताजी. खोटं कशाला सांगू, मला पुन्हा तीच शिसारी आली. पण एक मग पाणी टाकलं, घासलं, दोन मिनिटांत काळा दगड वर आला. प्लाय असता, पत्रा असता, तर डाग मुरला असता. म्हणून तू ग्रॅनाइट निवडलास, हे मला आज समजलं. नेहा म्हणाली, पुढच्या रविवारी ती मुलींना बुटांसकट आणणार आहे, आणि त्यांच्या आयांनाही.

ताई, तुला शब्द देतो. हात चालतील तोवर हे दगड मी धुईन. खाचांतला रंग दर दिवाळीला भरीन, तुकडा फुटला तर ओट्याचा दुसरा शोधीन. थुंकणाऱ्याला मी स्वतः हटकीन, भीत भीत का होईना. पण माझं काम देवावर टाकणार नाही, आणि कुठल्याही पोरीला माझ्यामुळे खाली उतरावं लागणार नाही.

नऊच्या नऊ टाइल्स काढल्या आहेत. कट्ट्यांच्या विटा उघड्या आहेत आणि त्यांवर मी काहीही लावलेलं नाही.

तुझा धाकटा,
गजू