पोत्याच्या तळच्या शेंगा

प्रिय धाकट्या,

तुझा पोपट गेल्याचं कळवलं, तेव्हा तू म्हणालास, "ताई, मी त्याला सोडून आलो, म्हणून झुरला गं." मी तुला तसंच वाटू दिलं.

झुरला नाही रे. त्याचा आवाज बसला, तेव्हा "काय गवईबुवा, थंडी बाधली का?" अशी मी त्याची चेष्टाच केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत बुरशी झाली होती, ओल लागलेल्या शेंगांतून जाते. पोत्याच्या तळच्या शेंगा मीच पुसून दिल्या होत्या.

उरलेल्या मी रागाने परसात भिरकावल्या. नंतर वेचल्या, तरी गवतात काही राहिल्याच. सकाळपासून काठी घेऊन साळुंक्या हाकलतेय. दोन ओळी लिहिते की पुन्हा धावते.

पत्र टाकायला जावं, तर तेवढ्यात पाखरांकडे कोण बघणार?

तुझीच,
ताई