मधुमालती कोणी छाटावी

मी, रत्नमाला पंढरीनाथ तायडे, वय चौऱ्याहत्तर, रेल्वे इस्पितळातील निवृत्त परिचारिका, मूळची भुसावळची, राहणार मानसरोवर, जयपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा प्रबुद्ध नेमके उलटे सांगत फिरेल. वकीलसाहेब म्हणाले, हिंदीत लिहा, कोर्टाला सोपे जाईल. कोर्टाने भाषांतर करून घ्यावे. प्रबुद्ध मराठी अडखळत वाचतो. त्याने हे अडखळतच वाचावे.

१. राहते घर माझ्या पगारातून झाले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते, पुढच्या अंगणासह, मी माझी सून अक्षदा हिला देते. सुनेला, मुलाला नव्हे. लिहिताना चूक झालेली नाही.

२. कारण लिहिणे कायद्याने आवश्यक नाही. तरी लिहिते.

माझे पती पंढरीनाथ यांची बदली जयपूरला झाली तेव्हा भुसावळच्या क्वार्टरमधल्या मधुमालतीचे मुळे धरलेले फाटे त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून आणले. त्यातला एकच जगला. तो दारापासून गच्चीपर्यंत चढला. हे गेल्यावर त्याची छाटणी मी करत आले, आणि अक्षदा लग्न होऊन अकोल्याहून आल्यावर आम्ही दोघी. तिला तेव्हा हिंदी येत नव्हती, शेजारपाजारी कोणाशी बोलता येत नव्हते. त्या वेलीखाली ती माझ्याशी बोलायला लागली.

प्रबुद्धचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पत्र्याच्या डब्यांचा कारखाना आहे. अंगण तोडून तिथे दुकाने काढायची त्याची फार इच्छा. मी नाही म्हटले, अनेकदा.

गेल्या वर्षी ऐन छाटणीच्या दिवसांत मी घसरून पडले, खांदा मोडला. अक्षदा माहेरी गेली होती. प्रबुद्ध म्हणाला, "आई, या वर्षी मी छाटतो. तू फक्त सांग." मला बरे वाटले. अंथरुणावरून मी त्याला सगळे समजावून सांगितले, त्याने मान डोलावून ऐकले. मग बाहेर जाऊन वेल जमिनीलगत करवतीने कापली, आणि कारखान्यातले तेजाब मुळांशी ओतले.

मला म्हणाला, खोलवर छाटली आहे, होळीपर्यंत फुटेल.

होळी गेली. हात गळ्यात बांधलेला असताना मी रोज सकाळी दुसऱ्या हाताने तांब्या नेऊन त्या बुंध्याला पाणी घालत होते. तो कारखान्याला निघताना माझ्या शेजारून जायचा. एकदा थांबून म्हणाला, "अजून थोडं घाल, मतलब, ऊन फार आहे ना."

वेल कापली ते मी एखादे वेळी विसरले असते. हे वाक्य मी विसरणार नाही.

अक्षदा परत आली. मागच्या खोलीत तिला तेजाबाचा रिकामा कॅन सापडला. नाश्त्याच्या टेबलावर, त्याच्या देखत, ती म्हणाली, "आई, पाणी घालू नका. ती मेली आहे. ह्यांनी मारली."

प्रबुद्धने नाकारले नाही. तिला म्हणाला, सामान बांध. मी म्हटले, घर माझे आहे, सामान तू बांध. तो आता राजा पार्कला भाड्याने राहतो. अक्षदा इथेच आहे.

३. प्रबुद्धला तो वाळका बुंधा द्यावा. मी उपटून जिन्याखाली ठेवला आहे. दुसरे काही देऊ नये, वडिलांचा फोटोही नाही.

४. वेल मारली जाण्याआधीच्या एका छाटणीत अक्षदाने तिचाच एक फाटा कुंडीत लावला होता. तो आम्ही फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, चांगल्या मातीत लावला आहे. त्याबद्दल तिला सूचना: यंदा मोठी छाटणी नको, नुसते शेंडे खुडावे म्हणजे वेलीला खालून फाटे फुटतील. पुढच्या वर्षापासून थंडी सरली की, नवी पालवी यायच्या आत, वाळक्या आणि एकमेकींत अडकलेल्या काड्या काढाव्या, चार-पाच दणकट फांद्या ठेवाव्या, काप डोळ्याच्या जरा वर, तिरका घ्यावा. फुले नव्या फुटव्यावर येतात, म्हणून भीती बाळगू नये. बहर संपल्यावर नुसती हलकी कात्री. ऐन थंडीत हात लावू नये, कोवळा फुटवा जळतो. ही अट नाही. तिला घर विकून अकोल्याला जायचे असेल तर खुशाल जावे. तिला बांधून ठेवायला मी हे घर देत नाही.

५. माझ्या देहाला अग्नी अक्षदाने द्यावा, बुद्धवंदना तिनेच म्हणावी. प्रबुद्धला कळवावे. आला तर मागे उभे राहू द्यावे. रडला तर रडू द्यावे. त्याची समजूत कोणी घालू नये. ते काम आजवर मी करत होते.

साक्षीदार:
१) वसंतराव दामले, शेजारी, निवृत्त विमा अधिकारी. आमचे बोलणे नाही. गल्लीत मराठी वाचणारे ते एकटेच आहेत, आणि माझ्या बाजूने ते खोटे बोलतील असे प्रबुद्धही म्हणू शकणार नाही. त्यांनी पूर्ण वाचून सही केली.
२) डॉ. ईश्वरी माथुर. सोबतचा दाखला त्यांचाच.

सही: रत्नमाला पं. तायडे
मानसरोवर, जयपूर
९ फेब्रुवारी २०२५