गिरणीच्या खिडकीतले ओठ

प्रिय अल्मा,

मागांच्या खडखडाटात कानावर काहीच पडायचं नाही, म्हणून कापडगिरणीतल्या आपण सगळ्या ओठांनीच बोलायचो. तुझे केस मागाच्या फिरत्या पट्ट्यात अडकले, तेव्हाही तू समोरून ओठांनीच ओरडलीस, "हेटी, माग थांबव!" त्याच सकाळी तू माझी रिबन पळवली होतीस. मी तुझे ओठ वाचले, आणि रागाने तोंड फिरवलं.

चॅपलमागे तुला पुरल्यावर आईने विचारलं, "तू समोरच होतीस ना गं?"

"माझी पाठ होती तिच्याकडे," मी म्हणाले.

गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली, माग भंगारात गेले. तरी रोज संध्याकाळी तू तिथल्या तिसऱ्या खिडकीत ओठ हलवत उभी असतेस. मी पडदा ओढून घेते. काल मात्र तुझे ओठ वाचलेच.

"पाठ नव्हती, हेटी."

तुला समोरून पाहिलेली,
हेटी