दक्षिणेकडे मांडलेलं ताट

आई, आज कामात एक तेजोमेघ समोर आला, मधोमध आवळलेला, दोन्हीकडे फुगलेला, आणि दिवसभर तुझी आठवण येत राहिली. म्हातारा तारा अंगावरचा वायू हळूहळू बाहेर सोडतो, त्याचा असा मेघ होतो, हे मी तुला अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सांगितलं होतं. तू मेथी निवडतेयस. कुठला मेघ गोल, कुठला लांबट. आपल्या आकाशगंगेशेजारच्या दीर्घिकेची, म्हणजे ताऱ्यांच्या दुसऱ्या समूहाची, दुर्बिणीतली चित्रं घेऊन त्यांतून ते आकार निवडायचे आणि ते तसे का झाले ते शोधायचं, हेच माझं काम, असं मी सांगतेय. "मंग आपल्या आभाळातले सोडून शेजारचे कशाला?" तू विचारतेस. आपल्या आकाशगंगेतले किती लांब ते नीट कळत नाही, मी म्हणते. शेजारच्या दीर्घिकेतले सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून लहानमोठे ओळखता येतात. तुला ते पटलं. "कुठंय ती? दाखव." मी दक्षिणेकडे हात केला आणि म्हटलं, आपल्या जालन्यातून ती दिसत नाही, क्षितिजाच्या वर नीट येतच नाही.

पुढे दिवाळीला आले, तर तू दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसलेली. शेजारच्या काकूंचा जीव वरखाली. "यमाची दिशा हाय ती बाई, जित्या माणसानं तिकडं तोंड करून जेवू न्हाई." तू भाकरी मोडत म्हणालीस, "माझी लेक सारा दिवस तिकडंच बघून राह्यली. तिचं काय वाकडं झालं?" मला हसू आवरेना. हात धुताना मात्र तू हळूच म्हणालीस, "जिथून दिसती तिथं ने मला एकदा." कन्याकुमारीहून थंडीच्या दिवसांत, आभाळ साफ असलं तर दिसते, असं मी सांगताच तू स्वेटर कोणता घ्यायचा ते ठरवायला लागलीस. तिथे कसली आलीय थंडी! पुढच्या हिवाळ्यात नक्की, मी म्हणाले. त्या हिवाळ्यात माझा प्रबंध होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात तू नव्हतीस. प्रबंध थांबला असता गं, बिलकुल थांबला असता.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. मुलं विचारतात, "मॅडम, नुसत्या डोळ्यांनी कशी दिसते ती दीर्घिका?" ढगाच्या फिकट तुकड्यासारखी, असं मी पुस्तकातलं सांगून मोकळी होते. मी ती अजून पाहिलेली नाही. दर थंडीत कन्याकुमारीचं तिकीट काढते आणि रद्द करते. एकटीनं पाहिली, तर तुला दाखवायची राहिली, हे कायमचं होऊन जाईल.